तुझ्या वाटणीच्या गोळ्या

प्रिय भुंग्या,

पत्र बघून दचकू नकोस. घरात सगळे धडधाकट आहेत. त्यात मला धरायचं की नाही, एवढाच प्रश्न आहे. फोन हाताशी असताना ताईला पत्र लिहायची काय हुक्की आली, असं तुझ्या मनात येईल. पण फोनवर मला सध्या धड बोलता येत नाही. तू ‘कशी आहेस’ विचारतोस, मी ‘बरी आहे’ म्हणते, मग माझा आवाज चिरकतो, तुझा मऊ होतो, आणि त्या मऊपणाचा मी फायदा घेते. कागदापुढे तसं काही चालत नाही. तेव्हा हे सावकाश वाच. मीही सावकाशच लिहिते आहे. चार ओळी झाल्या की आडवी होते, पुन्हा उठून बसते. मध्येच अक्षर बदललेलं दिसलं तर समज, तिथे एक झोप झाली.

गोळ्या बंद झाल्यापासून मी झोपते म्हणजे किती झोपते, ते बघायला आज आई असती तर तिने धसकाच घेतला असता. वाईट दिवशी तुझे भावोजी सकाळी पोहण्याच्या बंदिस्त तलावावर पोरांना शिकवायला निघतात तेव्हा मी झोपलेली असते आणि दुपारी परत येतात तेव्हा पुन्हा झोपलेली असते. एवढं झोपून ताजं वाटावं, तर तेही नाही. पाण्यात भिजलेली गादी उचलावी तसं स्वतःला उचलावं लागतं. भूक अशी लागते की बिस्किटांचा पुडा फोडला की रिकामा करूनच खाली ठेवते, आणि चव विचारशील तर पुठ्ठ्याची. मागच्या आठवड्यात एकदा अंघोळीला गेले. पाणी घेतलं, साबण लावला आणि तिथेच स्टुलावर बसून राहिले. पुढे काय करायचं ते ठाऊक होतं रे, तांब्या समोर होता, पण हात तिथवर जाईना. साबण अंगावर वाळून कातडी ओढायला लागली. बाहेर तुझी भाची शाळेचा गणवेश घालून दार वाजवत होती. आधी ‘आई’, मग ‘आई गं’, मग नुसतंच टकटक. शेवटी पोर शेजारच्या काकूंच्या बाथरूममध्ये जाऊन आली आणि शाळेला उशिरा पोचली. माझ्या डॉक्टरीणबाई म्हणतात, हे सगळं असंच व्हायचं. इतके महिने शरीराला पळवलंत, आता ते बसकण मारणारच. लाटांसारखं येईल आणि ओसरेल. कधी ओसरेल म्हणून विचारलं तर त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या की आठवडे लागतील, कदाचित महिने, तारीख मी देऊ शकत नाही.

लहानपणी तुला सगळे भुंगा म्हणायचे, कारण तू एका जागी टेकायचाच नाहीस. जेवताना ताटाभोवती फेऱ्या मारायचास. मी मात्र एका जागी बसायचे. खिडकीशी बसले की बसलेच, गॅसवरचं दूध माझ्या देखत उतू जायचं आणि मी त्याच्याकडे बघत असायचे. आई कपाळाला हात लावून म्हणायची, काय ध्यान आहे हे! घरात तेच नाव पडलं माझं, ध्यान. आता हसू येतं, कारण नेमकं तेच तर नव्हतं माझ्याकडे. पण तुझी धावपळ लोकांना दिसायची, माझी कुणाला दिसत नव्हती. ती सगळी डोक्याच्या आत चालायची. म्हणून तुला डॉक्टरकडे पाठवलं गेलं आणि मला नुसतं रागावलं गेलं. तुलाही पाठवलं ते मोठेपणी, तू ज्याच्या हाताखाली लिफ्टदुरुस्ती शिकत होतास त्या उस्तादाने. तू हत्यारं विसरतोस, पण यंत्राचा आवाज ऐकून बिघाड सांगतोस, असं पोरगं वाया जाऊ देणार नाही म्हणाला तो. तू वेळ विसरशील म्हणून मी बरोबर आले होते, आठवतं? डॉक्टर तुला एकेक प्रश्न विचारत होते. सांगितलेलं अर्ध्यात निसटतं का, हातातलं काम सोडून दुसरं सुरू होतं का, वस्तू सापडत नाहीत का. तू उत्तरं देत होतास, आणि तुझ्या शेजारच्या खुर्चीत मी मनातल्या मनात दर प्रश्नाला हो म्हणत होते. परत येताना तू बसमध्ये खिडकीला डोकं टेकून झोपलास. मी मात्र जागी होते, आणि आयुष्यात पहिल्यांदाच आपण आळशी नसू कदाचित, असा विचार करत होते.

पुढचं तुला माहीत आहे. तपासण्या झाल्या, तुला मिळाल्या त्याच लक्ष टिकवायच्या गोळ्या मलाही मिळाल्या. त्या गोळ्यांना मी कधी शिव्या देणार नाही. पहिल्या दिवशी मी मेणाची एक दाढ घडवायला घेतली आणि पूर्ण करूनच मान वर केली. मध्ये पाणी प्यायला उठले नाही, खिडकीबाहेर बघितलं नाही, चिमटा शोधला नाही. आमच्या दातांच्या लॅबचे मास्तर कधी कुणाचं कौतुक करत नाहीत. ते ती दाढ दिव्यापुढे फिरवत राहिले आणि म्हणाले, हिला जीभ लावून बघायचा मोह होईल. दुसऱ्यांचे दात बनवता बनवता अर्धं आयुष्य गेलं माझं, पण आपलं काम आपल्याला आवडतं हे मला त्या दिवशी कळलं. तुझंही तसंच झालं. तू उस्तादाच्या हाताखालून निघून स्वतःच्या जबाबदारीवर लिफ्टच्या शाफ्टमध्ये उतरायला लागलास. तुला त्या गोळ्या चष्म्यासारख्या आहेत. लागतात तेवढ्याच लावतोस, आणि लावल्यावर नीट दिसतं.

मी मात्र चष्म्याने पोट भरायला निघाले. लॅबमधले दोघे एकदम सोडून गेले, मास्तरांनी पुढच्या दातांचं नाजूक काम माझ्याकडे दिलं, आणि मला ते कुणाला द्यायचं नव्हतं. दुपारची गोळी मी अलीकडे ओढली. मग संध्याकाळसाठी एक लागायला लागली. मग सकाळची एकटी पुरेना. पुढच्या महिन्याच्या गोळ्या या महिन्यात संपायला लागल्या, तेव्हा पुडी हरवली, पाण्यात पडली, अशी कारणं डॉक्टरीणबाईंना सांगितली. ज्या बाईच्या आयुष्यात वस्तू हरवतातच, तिच्यावर कोण संशय घेणार? काम मात्र असं चाललं होतं की विचारू नकोस. रंगाच्या छटा मी डोळे मिटून ओळखायचे. जेवण सुटलं होतं, तुझे भावोजी डबा उघडून तसाच परत आलेला बघायचे आणि मी म्हणायचे, वेळ झाला नाही. रात्रभर मी दात खाते असं त्यांनी सांगितलं, ते मी हसण्यावारी नेलं. एका सकाळी कडक टोस्ट चावताना खालची दाढ उभी चिरली. दात बनवणाऱ्या बाईने स्वतःचा दात स्वतःच्याच दातांनी फोडला! त्या दिवशीही मी दुखरा जबडा घेऊन कामावर गेले, आणि काम जमावं म्हणून नेहमीपेक्षा जास्त घेतल्या.

मग टेबलावरच ते झालं. छातीत कुणीतरी मुठी आपटत असल्यासारखं व्हायला लागलं, हातातलं मेण कापायचं हत्यार थरथरत दिव्यावर वाजायला लागलं. मास्तरांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं. इस्पितळात छातीला तारा लावलेल्या, पलंगाशी तुझे भावोजी पोहण्याच्या ओल्या चपलांत उभे. तिथल्या डॉक्टरने विचारलं, दिवसाला किती घेता. भावोजी माझ्याकडे बघत होते. मी खरा आकडा सांगितला. ते बाहेर जाऊन चपला पिळल्यासारख्या झटकत राहिले. हृदयाचा ठेका बिघडलाय, या गोळ्या तुमच्यासाठी आता बंद, असं सांगितलं गेलं. हे सगळं तुला मी तेव्हा ‘जरा प्रेशर वाढलं होतं’ एवढंच सांगितलं होतं. त्यामुळे तू मला बिचारी समजत राहिलास.

आता खरी अडचण ऐक. लोकांना वाटतं, गोळी सुटली म्हणजे माणूस सुटलं. मी सुटून गेले कुठे? गोळीच्या आधीची मी काही सुखात नव्हते. तेव्हाही दूध उतू जात होतं, तेव्हाही आंधळ्यासारखी चाचपडत होते. आता तर त्या आधीच्या मीपर्यंतही पोचता येत नाही, तिच्याही खाली कुठेतरी पडले आहे. घेतली तर हृदय पळतं, नाही घेतली तर मी थांबते. दोन्ही दारं मीच आतून लावून घेतल्यासारखी. डॉक्टरीणबाई म्हणतात, हृदय स्थिरावलं की दुसऱ्या जातीचं औषध आहे, ते बघू. बघू म्हणजे तोवर बसा. बसायला मी या खोलीत बसते. समोर कपाट, कपाटाला आरसा, आरशात पलंग आणि पलंगावर मी. त्या आरशावर मी ओढणी टाकून ठेवली आहे.

आणि राग! बारीकसारीक गोष्टींचा इतका राग येतो. तुझ्या भाचीने पेन्सिलीला टोक करताना कचरा सांडला म्हणून मी अशी ओरडले की पोर भिंतीला चिकटून उभी राहिली. तेव्हापासून ती घरात चवड्यांवर चालते. चवड्यांवर चालणारं लेकरू बघितलं की माझं मलाच नको होतं, आणि नको झालं की एकच गोष्ट हवीशी वाटते. मग मी शोधायला लागते. जुन्या पर्सा उलट्या करते, कोटांच्या खिशांची अस्तरं बाहेर काढते, सोफ्याच्या फटीत हात घालते. एरवी स्वतःची किल्ली न सापडणारी ही बाई, पण काय शिस्तीने शोधते म्हणून सांगू! एके दिवशी दुपारी पलंगाखाली, पार भिंतीशी, काहीतरी पांढरं दिसलं. मी पोटावर सरपटत आत गेले, कोळिष्टकं केसांना लागली. बोटांत आलं आणि विचार न करता मी ते तोंडात टाकलं. खडू होता. खडूचा तुकडा. थुंकत थुंकत मागे सरकले तर दारात तुझी भाची, दप्तर पाठीवर, शाळेतून आलेली.

“आई, तू खडू खातेस?”

मी म्हटलं, नाही गं, चुकून. तिने मान डोलावली आणि चवड्यांवर निघून गेली. दुसऱ्या दिवशी उठले तर उशीजवळ एक अख्खा, नवा, गुळगुळीत खडू ठेवलेला. तिच्या पेटीतला असणार, कुणाला हात लावू देत नाही ती त्यांना. आईला खडू लागतो, तर निदान स्वच्छ असावा, असा हिशोब केला असणार तिने. मी तो खडू हातात घेऊन बसले आणि मला रडूही येईना. त्याच दुपारी मी तुला फोन केला होता. त्या फोनवर यायचंच आहे मला. पण त्याआधी मधले दिवस सांगते, नाहीतर तुला वाटेल ताई अजून पलंगाखालीच आहे.

तुझ्या भावोजींनी खडू बघितला. लेकीकडून सगळं ऐकलं असावं. त्यांनी मला भाषण दिलं नाही. दुसऱ्या सकाळी फक्त माझ्या अंगावर कोट चढवला, बूट घातले, आणि मला तलावावर घेऊन गेले. तिथल्या बाकावर बसायचं, एवढंच काम. आत सगळी ऊब, काचांवर वाफ, क्लोरीनचा वास, आणि पोरांचा असा गलका की डोक्यातला गलका त्यात बुडून जावा. मी तिथेही बसल्या बसल्या झोपले. पण कुणीतरी आजूबाजूला असताना झोपणं आणि त्या खोलीत झोपणं यात फरक आहे. काही दिवसांनी त्यांनी मला म्हाताऱ्यांच्या वर्गात उथळ पाण्यात उभं केलं. माझ्या शेजारी एक निवृत्त शिंपीबुवा असतात. वर्षभर शिकतायत, पण कडेचा दांडा काही सोडत नाहीत. मला म्हणाले, तुम्ही सोडा, मग मी सोडतो. आम्ही दोघं अजून दांडा धरूनच आहोत. तुझे भावोजी येऊन म्हणतात, आज एवढं पुरे, आणि टॉवेल देतात. घरी येताना मी अजूनही औषधांच्या दुकानाच्या बाजूचा फुटपाथ टाळते. तेही माझ्याबरोबर रस्ता ओलांडतात.

मास्तरांनी मला अर्धा दिवस यायला सांगितलं. मला वाटलं झाडलोट देतील, नाहीतर साचे धुवायला. त्यांनी माझ्यापुढे एक प्लास्टरचा साचा ठेवला. चिरलेली दाढ कोरून बारीक केलेली, वर कॅप बसवायची. खालच्या समोरच्या दातांचा वाकडेपणा बघितला आणि ओळखलं, हे माझंच तोंड. दंतवैद्याने माप आमच्याकडेच पाठवलं होतं.

“घाई नाही,” मास्तर म्हणाले. “पेशंट कुठे पळून जात नाही.”

जे काम मी पूर्वी सकाळच्या चहाआधी उरकलं असतं, ते किती दिवस चाललं ते विचारू नकोस. मेण वितळवायचं, एक थेंब ठेवायचा, आणि दुसरा थेंब ठेवेपर्यंत आपण काय करतोय ते विसरून जायचं. दाढेला उंचवटे असतात, त्यांच्या मधल्या खाचा असतात. एक उंचवटा केला की मी दमून दिव्याकडे बघत बसायचे. दोनदा सगळं खरवडून टाकलं. एकदा तर साचा भिंतीवर फेकणार होते. मास्तर पाठमोरे होते, तरी म्हणाले, पुन्हा माप द्यायला तुलाच तोंड वासावं लागेल. मग रंगाची वेळ आली. छटांची पट्टी आरशात स्वतःच्या दातांशी लावून बघितली. मला मनात कायम वाटायचं आपले दात पांढरे आहेत. ते चांगले पिवळट निघाले, चहा पिणाऱ्या बाईचे. तशीच रंगवली. परवा बसवली. जरा उंच झाली होती, दंतवैद्याने थोडी घासली. माझ्या हातची सर्वांत सुंदर दाढ नाही ती. पण ती एकही गोळी न घेता झाली, आणि तिने मी कालपासून पोळी चावते आहे. याला तू सुधारणा म्हणशील. म्हण. आज सकाळी पुन्हा उठता आलं नाही, तेही लिहून ठेवते. परवाची मी आणि आजची मी यांची आपसात ओळख नसावी असं वागतात दोघी.

आता तो फोन. त्या दुपारी मी तुला म्हटलं होतं, पुढच्या महिन्यातल्या पहिल्या शनिवारी येतोस ना, तर तुझ्या गोळ्यांतल्या अर्ध्या घेऊन ये. डॉक्टरांनी माझा डोस बदललाय, नवी पुडी मिळेपर्यंत थोडा खंड पडलाय, तेवढ्यापुरत्या, असं खोटं सांगितलं. तू म्हणालास, “आणतो, ताई.” का म्हणून विचारलंसही नाहीस. लहानपणापासून तू माझ्याजवळ कधी का म्हणून विचारलं नाहीस. फोन ठेवल्यावर मला इतकं बरं वाटलं की मी उठून केस विंचरले. मग काल तुझ्या बायकोचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलता बोलता हसत म्हणाली, ताई, हल्ली यांचं चित्त कुठे असतं देव जाणे, परवा मेन स्विच बंद न करताच लिफ्टच्या खड्ड्यात उतरले, जोडीदाराने कॉलर धरून वर ओढलं म्हणून वाचले. तिला काही माहीत नाही. मला एका क्षणात सगळं कळलं. तू एक दिवसाआड गोळी चुकवतो आहेस आणि माझ्यासाठी बाजूला ठेवतो आहेस. भुंग्या, त्या तुझ्या वाटणीच्या आहेत. उद्या सकाळची सकाळी घे, दुपारची दुपारी, आणि मगच खड्ड्यात पाऊल टाक. हे मी फोनवर सांगू शकले असते, पण तुझा आवाज ऐकला की मी काय मागेन याचा माझा मलाच भरवसा नाही. म्हणून लिहून पाठवते आहे, म्हणजे माझं खरं म्हणणं तुझ्या हातात राहील. वाचून झालं की तुझ्या बायकोला वाचायला दे, काही लपवू नकोस. येत्या शनिवारच्या आत मी फोन करेन, कदाचित रडेनही. तेव्हा नाही म्हण. तुला जड गेलं तर फोन तिच्याकडे दे. आणि ये मात्र नक्की, रिकाम्या हाताने ये. दार उघडल्यावर मी आधी तुझ्या खिशाकडे बघेन आणि मग तोंडाकडे. ते मनाला लावून घेऊ नकोस. आत ये आणि दार लावून घे.

तुझीच,
ताई